नवीन शैक्षणिक धोरण शाळेत येताना नेमकं अडतं कुठं? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवतो. शाळा द्विशिक्षकी आहे, म्हणजे पहिली ते चौथी असे चार वर्ग आणि शिकवणारे आम्ही दोघं. गेली काही वर्षं पालक, नव्यानं लागलेले शिक्षक, आमच्याच शाळेतून शिकून आता कॉलेजात गेलेली पोरं, सगळे धोरणाबद्दल तेच तेच प्रश्न विचारतात, आणि प्रत्येकाला फोनवर तेच परत सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हे लिहिलंय. आधीच सांगतो, मला हे धोरण मनापासून पटतं. त्यात लहान मुलांबद्दल जे लिहिलंय ते आम्ही शिक्षक कितीतरी वर्षं बोलत होतो. म्हणूनच ते वर्गापर्यंत येता येता कुठं अडकतं ते बघून जीव तुटतो.

हे धोरण म्हणजे कायदा आहे का? शाळेनं पाळलं नाही तर काय होतं?

नाही, कायदा नाही. २९ जुलै २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळानं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केलं, त्याचा मसुदा डॉ. के. कस्तुरीरंगन यांच्या समितीनं केला होता. त्याआधीचं धोरण १९८६ चं, म्हणजे मध्ये ३४ वर्षं गेली. कायदा वेगळा, तो म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९, आणि तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. धोरण ३ वर्षांपासूनच्या मुलाबद्दल बोलतं, कायदा ६ पासून, हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दुसरं म्हणजे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून शिक्षण समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचाही विषय. त्यामुळं धोरण दिल्लीत ठरलं तरी शाळेला जे बांधील असतं ते राज्याच्या जीआरमुळं. तो जीआर निघतो, मग पुण्याची एससीईआरटी (राज्याची शिक्षण संशोधन व प्रशिक्षण परिषद), मग डाएट (जिल्ह्याची प्रशिक्षण संस्था), मग गटशिक्षणाधिकारी, मग केंद्रप्रमुख (आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारे), आणि शेवटी तो आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीडीएफ होऊन पडतो, खाली एक ओळ असते की माहिती आज चार वाजेपर्यंत भरून द्यावी. धोरणात 'का' लिहिलेलं असतं, आमच्यापर्यंत फक्त 'कधीपर्यंत' पोचतं. माझ्या मते अर्धी अडचण इथंच सुरू होते.

५+३+३+४ म्हणजे काय? दहावी-बारावी राहणार की जाणार?

दहावी-बारावी राहणार. वय वर्षं ३ ते ८ पायाभूत स्तर (अंगणवाडी किंवा बालवाटिकेची तीन वर्षं, मग पहिली-दुसरी), तिसरी ते पाचवी पूर्वतयारी स्तर, सहावी ते आठवी मधला, नववी ते बारावी माध्यमिक.

दहावीचं बोर्ड बंद झालं असा मेसेज २०२० पासून दरवर्षी फिरतो. तो खोटा आहे, पुढं पाठवू नका. धोरणात बोर्डाच्या परीक्षा सोप्या करा, पाठांतरापेक्षा समज तपासा आणि एका वर्षात दोन संधी द्या असं म्हटलंय. सीबीएसईनं दहावीला दुसरी संधी २०२६ पासून द्यायचं ठरवलं. एमफिल मात्र खरंच बंद झालं, तेवढी एक गोष्ट त्या मेसेजमध्ये बरोबर असते.

मग अंगणवाडी आता शाळेचा भाग झाली का?

कागदावर पायाभूत स्तर एकच आहे. प्रत्यक्षात अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडं आणि पहिलीचा वर्ग शालेय शिक्षण विभागाकडं. अंगणवाडी योजना १९७५ ची, ती मुळात पोषण, लसीकरण, गरोदर मातांची काळजी यासाठी आली, आणि अंगणवाडी ताई आजही तेच सगळं करून वर मुलांना गाणी शिकवतात. त्यांना मानधन मिळतं, पगार नाही. आमच्या शाळेच्या आवारातच अंगणवाडी आहे, मधे एक भिंत आणि एक लिंबाचं झाड, पण ताईंचा रिपोर्ट एका साहेबांकडं जातो आणि माझा दुसऱ्या. आम्ही दोघांनी ठरवून आठवड्यातून एकदा पहिलीची पोरं आणि अंगणवाडीतली मोठी पोरं एकत्र बसवायला सुरुवात केली, ते आमच्या हौशीनं. त्याची नोंद कुणाच्याच रजिस्टरमध्ये होत नाही.

आणि वर म्हटलं तसं, ३ ते ६ वयाच्या मुलाला अजून शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण नाही. धोरणातला सगळ्यात चांगला भाग याच वयाबद्दल आहे आणि सगळ्यात कमी आधार पण यालाच.

महाराष्ट्रात शाळांमध्ये कधीपासून?

१६ एप्रिल २०२५ च्या जीआरमध्ये (तो पुढं हिंदीच्या वादात रद्द झाला, ते खाली सांगतो) वेळापत्रक असं होतं : २०२५-२६ ला पहिली, २०२६-२७ ला दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी, २०२७-२८ ला पाचवी, सातवी, नववी, अकरावी आणि २०२८-२९ ला आठवी, दहावी, बारावी. म्हणजे धोरण मंजूर झालं त्या वर्षी जे मूल पहिलीत होतं ते नव्या अभ्यासक्रमाला बरंच उशिरा भेटणार. एवढा उशीर का, असं विचारतात. राष्ट्रीय आराखडाच पायाभूत स्तरासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि शालेय शिक्षणासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये आला, त्यानंतर राज्याचा आराखडा, मग अभ्यासक्रम, मग बालभारतीची पुस्तकं. हे काम घाईत करायचं नसतंच, मला उशिराचं एवढं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की त्या पाच वर्षांत शिक्षकांची तयारी सावकाश करता आली असती, ती मात्र शेवटच्या उन्हाळ्यावर ढकलली.

निपुण म्हणजे काय, आणि तिसरीतल्या मुलाला अजून वाचता का येत नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे म्हणून जरा लांब लिहितो.

धोरणातच मान्य केलंय की प्राथमिक शाळेत जाणाऱ्या ५ कोटींपेक्षा जास्त मुलांना साधं वाचन आणि साधी बेरीज-वजाबाकी येत नाही. हे आधी झालं पाहिजे, बाकी सगळं नंतर, असं धोरण स्पष्ट सांगतं आणि त्यासाठी २०२५ ची मुदत घातली होती. मग ५ जुलै २०२१ ला निपुण भारत, म्हणजे तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आणि साधं गणित करता यावं यासाठीचं अभियान, सुरू झालं तेव्हा तीच मुदत २०२६-२७ झाली. 'असर' म्हणजे 'प्रथम' संस्थेचा शिक्षणाच्या स्थितीचा अहवाल, त्याच्या २०२४ च्या देशभरच्या ग्रामीण सर्वेक्षणात तिसरीतल्या २७.१ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. २०२२ मध्ये, म्हणजे कोरोनानंतर लगेच, हाच आकडा २०.५ होता. म्हणजे सुधारणा झाली, खरंच झाली, आणि ती सगळ्यात जास्त सरकारी शाळांमुळं झाली, पण २०१८ चा २७.३ हा आकडा बघा. चढून आपण फक्त जुन्या पायरीवर परत आलोय.

आता माझ्या वर्गातलं सांगतो. तांड्यावरची एक मुलगी आहे, तिसरीत. जूनमध्ये आली तेव्हा 'घर', 'मगर', 'कमळ' वाचायची पण मात्रा आली की थांबायची. जुलै-ऑगस्टभर मी रोज परिपाठानंतर तिला पंधरा मिनिटं घेऊन बसायचो, गणपतीपर्यंत ती 'शेळीचे पिल्लू पळाले' एवढं एका दमात वाचायला लागली आणि वाचून झाल्यावर माझ्याकडं न बघता पुस्तकाकडं बघून हसली. दिवाळी झाली आणि आई-बाप तिला घेऊन ऊसतोडीला गेले. हंगामी वसतिगृहाची सोय असते पण मागं धाकटा भाऊ होता, त्याला सांभाळायला तिला न्यावंच लागलं. एप्रिलमध्ये परत आली तेव्हा परत 'घर', 'मगर'. निपुणच्या चाचणीत तिच्या नावापुढं जी खूण झाली त्यात ते ऑगस्टचं हसू कुठंच नाही, आणि पोर्टलवर तिची रांग पूर्ण शाळेच्या टक्केवारीत मिसळून गेली.

शिक्षक शिकवत का नाहीत मग? वेळ कुठं जातो?

शिकवतात हो. पण बसून वाचून घ्यायला सलग वेळ लागतो आणि तोच तुटतो.

धोरणात परिच्छेदच आहे की शिक्षकांना शिकवण्याशी थेट संबंध नसलेल्या कामाला लावू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच सूट आहे. पण आज दिवसभरात आमच्याकडं काय काय येतं ते बघा : यूडायसची (केंद्राचं शाळा-माहिती पोर्टल) माहिती, सरलची (राज्याचं तसंच पोर्टल) माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद आणि तांदळाचा हिशोब, शिष्यवृत्तीचे फॉर्म, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, कुठल्याशा उपक्रमाचे फोटो लिंकवर अपलोड करणं, आणि आता अपार आयडी, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक. अपारचं एक उदाहरण देतो. पालकांचं संमतीपत्र घ्यायचं, मग आधारवरचं नाव आणि आमच्या जनरल रजिस्टरमधलं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. एका मुलाचं आधारवर आडनाव आधी आहे आणि वडिलांचं नावच नाही, आमच्याकडं पूर्ण नाव. आता दुरुस्तीसाठी बापाला तालुक्याला आधार सेंटरवर जावं लागतं, त्या दिवसाची मजुरी बुडते, तो म्हणतो गुरुजी पुढच्या आठवड्यात, आणि इकडं मला रोज विचारणा की तुमच्या शाळेचे चार पेंडिंग का.

अजून एक गोष्ट जी बाहेरच्यांना लक्षात येत नाही. कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागं एक शिक्षक, आणि ६० पटापर्यंत दोन. आमच्याकडं ३८ मुलं, दोन शिक्षक, हिशोब अगदी बरोबर बसतो. पण वर्ग चार आहेत! मी पहिली-तिसरी एकत्र घेतो, सर दुसरी-चौथी घेतात. नव्या धोरणात प्रत्येक मुलाच्या पातळीप्रमाणं शिकवा, खेळातून शिकवा, निरीक्षणाच्या नोंदी ठेवा असं आहे, ते सगळं योग्यच आहे, पण ते लिहिताना डोळ्यासमोर एक वर्ग आणि एक शिक्षक असं चित्र होतं की काय असं वाटत राहतं. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवणारी मंजुरी, डोकी मोजते, वर्ग मोजत नाही.

प्रशिक्षण तर झालं ना तुमचं?

झालं. धोरण म्हणतं वर्षाला ५० तास व्यावसायिक विकास, आणि तो शिक्षकाच्या गरजेप्रमाणं. आम्हाला जे मिळालं ते तालुक्याच्या हॉलमध्ये, समोर पीपीटी, मागच्या रांगेला आवाज येत नाही, आणि शिकवणारे सुलभक आमच्यातलेच शिक्षक, जे आदल्या आठवड्यात स्वतः प्रशिक्षण घेऊन आलेले. त्यांचा दोष नाही, बिचारे खूप मेहनत घेतात. पण वरून खाली येता येता धड्याचा गाभा गळतो आणि नमुना तक्ते तेवढे पोचतात. सर पाच दिवस प्रशिक्षणाला गेले तेव्हा मी चारही वर्ग एका खोलीत घेऊन बसलो होतो, म्हणजे शिकवणं सुधारावं म्हणून पाच दिवस शिकवणं थांबलं.

जे खरंच उपयोगी पडलं ते सांगू का? केंद्राच्या शिक्षण परिषदेत एका बाईंनी त्यांच्या वर्गातलं गोष्टीचं पुस्तक कसं वाचून घेतात ते प्रत्यक्ष मुलांना बसवून दाखवलं. वीस मिनिटं. मी दुसऱ्या दिवशी तसंच केलं. अशा वीस मिनिटांना खर्च काही नाही, फक्त कुणीतरी त्याला प्रशिक्षण म्हणून मान्यता द्यायला हवी.

मातृभाषेतून शिक्षण हा चांगला मुद्दा आहे ना, मग अडचण काय?

फारच चांगला मुद्दा. किमान पाचवीपर्यंत आणि जमलं तर आठवीपर्यंत घरची भाषा, असं धोरण म्हणतं, मात्र 'शक्य असेल तिथं' असंही म्हणतं. अडचण अशी की घरची भाषा मराठी असं आपण धरून चालतो. वर जी मुलगी सांगितली तिच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. पहिलीत असताना आईचं चित्र दाखवलं की ती 'याडी' म्हणायची आणि मी 'आई' म्हण म्हणायचो, दोन-तीन महिने ती वर्गात जवळजवळ गप्पच होती, आणि मला वाटायचं पोरगी लाजाळू आहे. नंतर मीच तिच्याकडून शब्द शिकायला लागलो, भिंतीवर चित्राखाली दोन्ही शब्द लिहायला लागलो, तेव्हा कुठं ती बोलती झाली. मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडं भिली-पावरी, गडचिरोलीत गोंडी-माडिया, तिथल्या शिक्षकांचं काम माझ्यापेक्षा कितीतरी अवघड. बदलीची यादी लागते तेव्हा कुणाला कुठली भाषा येते हे बघितलं जात नाही.

आणि दुसरी बाजू पालकांची. मातृभाषेचं महत्त्व मी कितीही सांगितलं तरी रस्त्यावर पिवळी बस येते, टाय घातलेली पोरं त्यात चढतात, आणि मग बाप म्हणतो पटतंय गुरुजी तुमचं पण पोराचं नुकसान नको. त्याला दोष देववत नाही. इंग्रजी विषय म्हणून आम्ही चांगला शिकवला तरच त्याची भीती जाईल.

पहिलीपासून हिंदीचं काय झालं?

थोडक्यात क्रम सांगतो. महाराष्ट्रात हिंदी आधीपासून पाचवीपासून होतीच. १६ एप्रिल २०२५ च्या जीआरनं मराठी आणि इंग्रजी माध्यमात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी सक्तीची केली. विरोध झाला, १७ जूनला सुधारित जीआर आला की हिंदी 'सर्वसाधारणपणे' तिसरी भाषा राहील, हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी असेल तर ती मागणारे वर्गात किमान २० विद्यार्थी हवेत. २९ जूनला दोन्ही जीआर रद्द केल्याचं जाहीर झालं आणि तिसऱ्या भाषेवर विचार करायला अर्थतज्ज्ञ डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली.

धोरणात काय आहे ते पण वाचा. तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय हव्यात आणि कुठलीही भाषा कुठल्याही राज्यावर लादली जाणार नाही असं त्यात लिहिलंय. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तिसरी भाषा सहावीपासून येते. मग पहिलीच्या मुलावर, ज्याला अजून पहिल्या भाषेचं अक्षर जुळत नाही, तिसरी घालायची गरज कुठून आली हे मला एक शिक्षक म्हणून कळलं नाही. आणि २० ची अट तर आमच्यासारख्या शाळेत लागूच होऊ शकत नाही, आमच्या पूर्ण पहिलीत ९ मुलं आहेत. तमिळनाडूत १९६८ पासून दोन भाषांचंच सूत्र आहे, तिथं या मुद्द्यावर धोरणच अडून बसलं आणि समग्र शिक्षा या केंद्राच्या शाळांसाठीच्या योजनेचे पैसे पण. भाषेच्या वादात बाकीची चांगली पानं कुणी उघडतच नाही, हे नुकसान मोठं आहे.

पैसा येतो का पुरेसा?

जीडीपीच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा हे कोठारी आयोगानं सांगितलं, तो आयोग १९६४ ते ६६ चा. (त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले, हे आपल्याकडं फार लोकांना माहीत नसतं.) १९६८ च्या धोरणात ६ टक्के, १९८६ च्या धोरणात ६ टक्के, २०२० मध्ये परत ६ टक्के. आणि २०२० च्या धोरणातच कबुली आहे की केंद्र-राज्य मिळून खर्च ४.४३ टक्क्यांच्या आसपास आहे. शाळेच्या पातळीवर याचा अर्थ असा की अनुदान वर्षाच्या शेवटी येतं, मार्चमध्ये खर्च करून टाका असा निरोप येतो, आणि जूनमध्ये खडू स्वतःच्या खिशातून आणावा लागतो.

कमी पटाच्या शाळा बंद होणार का?

धोरणात 'बंद करा' असं नाही. २०१६-१७ मध्ये देशातल्या सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांमध्ये ३० पेक्षा कमी मुलं होती असं त्यात दिलंय आणि उपाय म्हणून शाळा संकुल सुचवलंय, म्हणजे ५ ते १० किलोमीटरच्या परिसरातल्या शाळांनी एका माध्यमिक शाळेभोवती शिक्षक, ग्रंथालय, प्रयोगशाळा वाटून घ्यायची. कल्पना छान आहे, संगीत शिक्षक आठवड्यातून एक दिवस जरी आमच्याकडं आला तरी पोरं आनंदानं नाचतील. पण गावात भीती अशी की वाटून घेणं राहील बाजूला आणि शाळाच उचलून नेतील. वस्तीवरच्या मुलीची शाळा तीन किलोमीटरवर गेली तर तिचं काय होतं हे गावातल्या कुणालाही विचारा. संकुल करायचं तर शिक्षक हलू दे, सात वर्षांचं पोर नको.

दप्तराविना शाळा, व्यवसाय शिक्षण हे होतं का?

सहावी ते आठवीत १० दिवस दप्तराविना, सुतार, कुंभार, माळी अशा कारागिरांकडं जाऊन शिकायचं, असं आहे. हायस्कूलमधले मित्र सांगतात की होतं, पण बऱ्याचदा एका भेटीचे फोटो आणि अहवाल एवढंच. जिथं मुख्याध्यापकाला आवड आहे तिथं फार सुंदर होतं.

कॉलेजात मेजर-मायनर, क्रेडिट वगैरे काय भानगड आहे?

हे माझं क्षेत्र नाही, पण जुने विद्यार्थी विचारतात म्हणून. राज्यानं २० एप्रिल २०२३ चा जीआर काढला, स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून सुरू झालं. एक मुख्य विषय म्हणजे मेजर, एक मायनर, शिवाय दुसऱ्या शाखेतला ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे कोर्स, भारतीय ज्ञान प्रणाली, ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव. एक वर्ष झालं की सर्टिफिकेट, दोनला डिप्लोमा, तीनला पदवी, चारला ऑनर्स. क्रेडिट म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे गुणांक, ते एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) या ऑनलाइन खात्यात जमा होतात.

शहरातल्या मोठ्या कॉलेजात निवड खरी असते. तालुक्याच्या कॉलेजात जे प्राध्यापक आहेत तेच विषय असतात, त्यामुळं कागदावर निवड आणि प्रत्यक्षात सगळा वर्ग एकाच मायनरला. अर्धे प्राध्यापक सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, त्यांना पुढच्या वर्षी आपण असू की नाही ते माहीत नाही, आणि चार वर्षांचा आराखडा त्यांनीच पेलायचा. ओजेटीला पाठवायला जवळ कारखाना नाही, बँक दोन, त्या किती मुलं घेणार.

मधेच सोडलं तर सर्टिफिकेट मिळतं हे मुलींच्या बाबतीत मला जरा घाबरवतं. आधी आई-बापाला म्हणता यायचं की मधे सोडलं तर हातात काहीच नाही, तीन वर्षं पुरी करू द्या. आता एक वर्षानं कागद मिळतो, आणि लग्नाची घाई असलेल्या घरात तो कागद पुरेसा ठरतो. परत यायची सोय आहे हे खरं, पण परत आणणारं कुणीतरी लागतं.

समग्र प्रगती पत्रक आलं तर मार्क जाणार का?

मार्क एकदम जाणार नाहीत. पत्रकात मूल स्वतःबद्दल, मित्र त्याच्याबद्दल आणि पालकही काही लिहिणार अशी कल्पना आहे. मला फार आवडलीये. फक्त ते ऑनलाइन भरायचं झालं तर ३८ पत्रकं परत माझ्याच मोबाईलवर, रात्री, रेंज असेल तेव्हा.

पालक म्हणून आम्ही काय करू शकतो?

शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगला या. कायद्यानं समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. बहुतेक ठिकाणी सह्या घरी जाऊन घेतल्या जातात, आमच्याकडं पण आधी तसंच व्हायचं. मीटिंगला आलात की रंगरंगोटी आणि १५ ऑगस्टचा खाऊ यावर वेळ घालवू नका, तीन गोष्टी विचारा : तिसरीतली किती मुलं आज वाचतात, मागच्या महिन्यात शिक्षक किती दिवस शाळेबाहेरच्या कामाला होते, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गेला का. तो प्रस्ताव दिवाळीच्या आधी जावा लागतो. आमच्या समितीनं यंदा तो सप्टेंबरमध्येच पाठवला, आणि त्या मुलीच्या धाकट्या भावाला अंगणवाडीच्या ताईंनी दिवसभर सांभाळायचं कबूल केलंय, संध्याकाळी आजीकडं सोडतील. आजी तयार आहे, बापाशी अजून बोलायचंय, येत्या रविवारी तांड्यावर जाणार आहे.